माळ बंद होतोय? सरकारी जंगलातल्या स्नोमोबाईलबंदीला हरकत घेताना

आयडाहो राज्यातल्या बॉयसीत मायक्रॉन या चिप-कंपनीमुळे मराठी घरं बरीच झाली आहेत. आयडाहोत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात माणूस थंडीला घाबरून घरात बसतो, दुसऱ्या हिवाळ्यात मुलांना स्की शिकवायला नेतो, आणि तिसऱ्या हिवाळ्यात कुणीतरी सहकारी त्याला भाड्याच्या स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या इंजिनाच्या गाडीवर, बसवतो. मग काहीजण त्यातच रमतात. मीही रमलो. 55 नंबरच्या हायवेने मॅक्कॉलच्या बाजूला जायचं, ट्रेलहेडला, म्हणजे वाटेच्या तोंडाशी, स्लेड (स्नोमोबाईलच) उतरवायची, ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने बर्फ दाबून सपाट केलेल्या, रस्त्याने दहा-बारा मैल वर जायचं आणि झाडी संपून उघडा माळ लागला की इंजिन बंद करायचं. थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाजही तिथे मोठा वाटतो.

अशाच एखाद्या माळाबद्दल दर हिवाळ्यात मला दोन-तीन फोन येतात. फोन करणारा बहुधा नवा असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, फॉरेस्टवाले आपला माळ बंद करतायत म्हणे. सह्या कुठे करायच्या?"

सह्यांनी काही होत नाही, हे त्याला सांगताना मला वाईट वाटतं. आपण महाराष्ट्रात वाढलेले लोक. अन्याय झाला की निवेदन द्यायचं, सह्यांची मोहीम काढायची, माणसं जमवायची, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे आणि तिथे त्याचं वजनही पडतं. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या प्रक्रियेत मात्र मतं मोजली जात नाहीत, मुद्दे मोजले जातात. पाच हजार लोकांनी एकच छापील पत्र पाठवलं तर तो एक मुद्दा धरला जातो. एकाच माणसाने नकाशावर बोट ठेवून लिहिलेल्या चार ओळींना मात्र अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की 'हरकती व सूचना' मागवतात. इथली पद्धत त्याच्या जवळची आहे. सात-बारा हातात घेऊन, सर्व्हे नंबर लिहून हरकत देणारा काका आठवा. इथे त्या काकांसारखंच वागायचं आहे.

माझी बाजूही आधीच सांगतो. सार्वजनिक जंगलात हिवाळ्यात यंत्रावरून जाता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना पंधरा मैल स्कीवर चालणं शक्य नाही, त्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांनाही तो माळ पाहता आला पाहिजे. पण प्रत्येक बंदी चुकीची असते, असं मी मानत नाही. सरसकट विरोध करणाऱ्याचं पत्र वाचलं जातं आणि बाजूला ठेवलं जातं. कोणती बंदी सोसायची आणि कोणत्या बंदीला भिडायचं हे ज्याला कळतं, त्याचं म्हणणं टिकतं.

आधी बंदीची जात ओळखा

जमीन कोणाची आहे ते पहिल्यांदा पाहा. नॅशनल फॉरेस्ट कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतं, नॅशनल पार्क इंटीरियर (अंतर्गत) खात्याच्या पार्क सर्व्हिसकडे. नवी माणसं यलोस्टोनचं उदाहरण देऊन फॉरेस्टच्या माणसाशी वाद घालतात, तेव्हा पंचाईत होते. यलोस्टोनचा स्नोमोबाईलचा तंटा दहा वर्षांहून जास्त कोर्टात चालला आणि 2013 मध्ये तिथे रोजच्या फेऱ्यांवर मर्यादा घालणारा वेगळा नियम झाला. तो नियम पार्कपुरताच आहे. आपल्या जंगलाला तो लागू नाही.

जमीन नॅशनल फॉरेस्टची आहे हे ठरलं की बंदी कोणी आणि कोणत्या अधिकाराने घातली ते शोधा. चार प्रकार भेटतात.

पहिला प्रकार विल्डरनेसचा. 1964 च्या कायद्याखाली संसदेने ज्या भागाला विल्डरनेस जाहीर केलं, तिथे इंजिनाला जागा नाही. स्थानिक अधिकाऱ्याला ते बदलण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे त्यावर एक ओळही खर्च करू नका.

दुसरा प्रकार तात्पुरत्या आदेशाचा. वणव्यानंतर, लाकूडतोड चालू असताना किंवा एखादा पूल खचल्यावर फॉरेस्ट सुपरवायझरच्या, म्हणजे त्या जंगलाच्या प्रमुखाच्या, सहीने आदेश निघतो. त्यावर शेवटची तारीख लिहिलेली असते. पत्र लिहिण्याआधी रेंजर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे जंगलाच्या स्थानिक विभागाच्या, कचेरीत फोन करून तारीख विचारा. निम्म्या अफवा तिथेच संपतात.

तिसरा प्रकार जंगलाच्या मूळ आराखड्यातला. पंधरा-वीस वर्षांनी हा आराखडा नव्याने होतो आणि त्यात एखादा भाग 'शिफारस केलेलं विल्डरनेस' म्हणून दाखवतात. संसदेने अजून काही ठरवलेलं नसतं, पण तोवर त्या भागाची रानटी अवस्था जपायची म्हणून यंत्रं बंद केली जातात. माँटानातल्या बिटररूट नॅशनल फॉरेस्टने 2016 च्या प्रवास आराखड्यात असंच केलं. तिथे स्नोमोबाईलवाले आणि सायकलवाले दोघेही बाहेर पडले. मोठमोठे माळ आणि खिंडी जातात त्या बहुधा या प्रकारात.

चौथा प्रकार हिवाळी प्रवास नियोजनाचा. सध्याची सगळ्यात मोठी लढाई याच जागी आहे, म्हणून त्याचा इतिहास थोडा सांगतो.

'बंद नसेल तर खुलं' ते 'खुलं नसेल तर बंद'

1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 11644 क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी जमिनीवर यंत्रं कुठे चालतील हे ठरवताना माती, पाणलोट आणि झाडोऱ्याची हानी, वन्यप्राण्यांचा त्रास आणि इतर लोकांशी होणारा संघर्ष कमीत कमी ठेवा, असं त्यात म्हटलं आहे. 1977 मध्ये कार्टर यांनी त्याला जोड दिली की मोठं नुकसान होताना दिसलं तर तो भाग ताबडतोब बंद करावा. पन्नास वर्षांनंतरही प्रत्येक निर्णय याच कसोट्यांवर घासला जातो. तुमचं पत्रही त्यांच्यावरच उभं राहायला हवं.

2005 मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने उन्हाळी गाड्यांसाठी नियम केला: नकाशावर दाखवलेल्या रस्त्यांवर आणि भागांतच गाडी चालेल. बर्फावरच्या गाड्यांचं नियोजन मात्र ऐच्छिक ठेवलं. त्याला विंटर वाइल्डलँड्स अलायन्स या संस्थेने आव्हान दिलं आणि 2013 मध्ये आयडाहोच्या संघीय न्यायालयाने सांगितलं की हे ऐच्छिक ठेवता येणार नाही. मग जानेवारी 2015 मध्ये नवा नियम आला. संघीय नियमावलीच्या 36 व्या खंडातल्या 212 व्या भागात 'सी' हा उपभाग आहे, तो हाच. पुरेसा बर्फ पडतो तिथे प्रत्येक जंगलाने स्नोमोबाईलचे रस्ते, वाटा आणि मोकळे भाग ठरवायचे आणि नकाशा छापायचा. नकाशात खुलं दाखवलेलं नाही ते बंद.

फरक शब्दांच्या अदलाबदलीचा दिसतो, पण बाजी इथेच उलटली. पूर्वी कोणीतरी बंद करेपर्यंत माळ आपला होता. आता कोणीतरी नकाशावर रंगवेपर्यंत तो आपला नाही. म्हणून 'हा भाग बंद करू नका' एवढं लिहून भागत नाही. 'हा भाग खुला म्हणून दाखवा, कारण...' असं लिहावं लागतं.

कॅलिफोर्नियातली लासेन, टाहो, प्लुमास, एल्डोराडो आणि स्टॅनिस्लॉस ही पाच जंगलं या वाटेवर सगळ्यात आधी चालली, कारण तिथेही आधी कोर्टात तडजोड झाली होती. त्यांचे अहवाल उपलब्ध आहेत. वाचायला वेळ लागतो, पण जरूर वाचा. तुमच्या जंगलाचा मसुदा येईल तेव्हा त्यातले निम्मे शब्द ओळखीचे वाटतील: बर्फाची किमान जाडी, मोकळा भाग, ग्रूम केलेली वाट, ओलांडण्याची जागा.

सूचना कुठे लागते

प्रत्येक नॅशनल फॉरेस्ट दर तिमाहीला, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, नियोजित कामांची यादी प्रसिद्ध करतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सोपा' म्हणतात. तुमच्या जंगलाची यादी उघडा आणि प्रवास, हिवाळा, मनोरंजन असे शब्द शोधा. काही सापडलं तर प्रकल्पाचा संपर्क म्हणून दिलेल्या माणसाला ईमेल करून टपालयादीत नाव घालायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे आणि तेच बहुतेकांचं राहून जातं.

दुसरी जागा वर्तमानपत्राची. प्रत्येक जंगलाचं एक ठरलेलं वर्तमानपत्र असतं आणि कायदेशीर सूचना त्यात छापून येते. आपल्याकडे जाहीर नोटिसा आतल्या पानावर बारीक टायपात येतात, अगदी तशीच. मुदत या छापलेल्या तारखेपासून मोजतात, दुसरा दिवस पहिला धरून, शनिवार-रविवारसकट. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरच पुढच्या कामाच्या दिवसावर जातो. मित्राने ग्रुपवर टाकलेली तारीख चुकीची निघाली, तर त्याची सबब चालत नाही.

मुदतीबद्दल सावध राहा. जुन्या सवयीप्रमाणे लहान पर्यावरण तपासणीवर 30 दिवस आणि मोठ्या अहवालाच्या मसुद्यावर 45 दिवस मिळत आले आहेत. जंगलाच्या मूळ आराखड्याला त्याहून जास्त मिळत. पण जुलै 2025 मध्ये कृषी खात्याने आपले पर्यावरण-तपासणीचे नियमच बदलले आणि मसुद्यावर लोकांची मतं मागवण्याची सक्ती बरीच सैल केली. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबू नका. तुमच्या प्रकल्पाच्या नोटिशीत छापलेली मुदतच खरी. आणि मत मागवण्याची पहिली संधी हीच शेवटची आहे असं समजून लिहा. पूर्वी 'आता थोडं लिहू, मसुदा आला की सविस्तर लिहू' असं चालत असे. आज तसा धोका पत्करू नका.

नव्या मंडळींच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, विचारायला मात्र संकोच वाटतो: "मी एच-वन-बीवर आहे, मला लिहिता येईल का?" येईल. मत देण्यासाठी किंवा हरकत घेण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. एवढंच लक्षात ठेवा की पत्र आणि त्यावरचं नाव-पत्ता सार्वजनिक दप्तरात जातो. निनावी पत्र घेतात, पण त्याच्या जोरावर पुढे हरकत घेता येत नाही.

जागेवर जा, वही घेऊन

आता मुख्य कामाकडे येतो. नकाशे कचेरीत बनतात, संगणकावर, आणि बनवणारी माणसं प्रामाणिक असली तरी प्रत्येक ओढ्यापर्यंत फेब्रुवारीत जाऊन आलेली नसतात. तुम्ही जाऊन आलेले असता. तुमचं खरं भांडवल ते.

मसुद्याचा नकाशा फोनवर घ्या, शक्यतो अक्षांश-रेखांशांसकट. स्लेडवर बसा आणि प्रस्तावित हद्दीवरून जा. दर थांब्याला हे लिहून ठेवा: तारीख, वेळ, बर्फाची खोली, दिसलेले माग, भेटलेली माणसं. फोटो काढताना ठिकाणाची नोंद चालू ठेवा. बर्फ मोजायला घडीची काठी न्या. हिमस्खलनाच्या सामानात ती असतेच. कॅलिफोर्नियातल्या आराखड्यांत मोकळ्या भागात 12 इंच बर्फाची अट चर्चेत आली होती. तुमच्याकडे तशी अट येणार असेल, तर तुमच्या माळावर डिसेंबर ते एप्रिल किती बर्फ असतो याची तुमची वही हा पुरावा आहे.

मला एका जंगलात, नाव सांगत नाही, एक गोष्ट दिसली. प्रस्तावित बंद भागाची हद्द सर्वेक्षणाच्या सरळ रेषेवरून आखली होती, जशी जुन्या नकाशांत चौकोनी विभागांची रेघ असते. ग्रूम केलेला रस्ता मात्र डोंगराच्या वळणाप्रमाणे जातो. एका ठिकाणी वळण घेताना तो पाव मैल त्या रेषेच्या आत शिरत होता. म्हणजे काउंटीच्याच (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) ग्रूमरने सपाट केलेल्या रस्त्यावरून सरळ जाणारा माणूस पाव मैलापुरता गुन्हेगार ठरला असता. नकाशाविरुद्ध वागल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी तिथे उभा राहून दोन्ही टोकांचे अंक लिहून घेतले आणि रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या पाटीचा फोटो काढला. रेषेच्या पलीकडे शंभर पावलांवर एक कडा होता, डोळ्यांना स्पष्ट दिसणारा, ज्यावर कोणतीही स्लेड चढणार नाही. हद्द तिथे नेली असती तर जनावरांसाठी राखलेला भाग जवळजवळ तेवढाच राहिला असता, आणि पाटी नसली तरी कुणीही ओळखू शकला असता.

अंतिम नकाशात ती रेषा कड्यावर गेली. माझ्या एकट्याच्या पत्राने गेली असं मी म्हणणार नाही. पण उत्तरांच्या परिशिष्टात त्या मुद्द्याशेजारी माझ्या पत्राचा क्रमांक होता.

पत्र

नियमाच्या भाषेत 'विशिष्ट लेखी मत' म्हणजे काय ते एकदा मनात पक्कं करा. ते प्रस्तावाच्या कक्षेत असावं, प्रस्तावाशी त्याचा थेट संबंध असावा आणि त्याला कारणं जोडलेली असावीत. या तिन्हींपैकी एकही सुटलं तर पुढची हरकत डळमळते.

माझं पहिलं पत्र तीन वाक्यांचं होतं: मी बारा वर्षं येतो, मला हा माळ फार आवडतो, कृपया बंद करू नका. प्रत्येक शब्द खरा होता. अहवालात त्याची नोंद 'सर्वसाधारण विरोध' अशी झाली आणि उत्तरात 'आपल्या मताची नोंद घेतली' एवढं होतं. ते वाचल्यावर मी शिकलो. पत्र इंग्रजीत जाईल, पण त्याचा साचा असा असू द्या:

"नकाशा क्रमांक तीनमधला उत्तरेचा माळ पर्याय 'ब'मध्ये बंद दाखवला आहे. कारण म्हणून स्कीवाल्यांशी संघर्ष दिलं आहे. मी गेल्या चार हिवाळ्यांत या माळावर एकवीस वेळा गेलो, तारखा सोबत जोडल्या आहेत. त्यातल्या दोनच दिवशी मला स्कीवाले भेटले आणि दोन्ही वेळा ते पूर्वेच्या उतारावर होते. माझी सूचना: पूर्वेचा उतार स्कीसाठी राखावा, माळ आणि पश्चिमेचा उतार खुला दाखवावा, हद्द ओढ्याऐवजी जंगलरस्त्यावर ठेवावी. सोबतच्या नकाशात रेषा आखली आहे. या पर्यायाचा अहवालात स्वतंत्र विचार व्हावा."

यात काय घडलं पाहा. कुठे, किती, केव्हा हे आलं. त्यांनी दिलेल्या कारणालाच उत्तर दिलं. नुसता नकार न देता दुसरा पर्याय ठेवला, आणि रास्त पर्याय समोर आला की 'का नाही?' याचं उत्तर देण्याची जबाबदारी कचेरीवर येते. माझ्या मते सगळ्या पत्रात हेच वाक्य सोन्याचं आहे.

संस्थेच्या तयार पत्रातून मुद्दे घ्या, पण वाक्यं आपली लिहा. ब्लूरिबन कोअॅलिशनसारख्या संस्था किंवा राज्यातल्या स्नोमोबाईल संघटना मुदतींवर लक्ष ठेवतात आणि कायद्याच्या बाबतीत फार मदत करतात. त्यांचे सदस्य व्हा. पण तुमच्या माळाबद्दल लिहायला तुम्हीच हवेत.

एखाद्या दाव्यामागची आकडेवारी पाहायची असेल, म्हणजे प्राण्यांच्या नोंदी किंवा संघर्षाच्या तक्रारी, तर माहितीच्या कायद्याखाली लेखी मागा. उत्तराला वीस कामाचे दिवस ठरलेले आहेत आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, म्हणून प्रकल्प यादीत दिसताच अर्ज टाका. काउंटी कमिशनरांनाही भेटा. आयडाहोत स्लेडच्या नोंदणीचे पैसे तुम्ही निवडलेल्या काउंटीच्या ग्रूमिंगला जातात, त्यामुळे वाटा कमी झाल्या की त्यांच्याही खिशाला लागतं. आणि काउंटी तपासणीत सहकारी संस्था म्हणून आत बसू शकते, जे तुम्हाला-मला शक्य नाही.

वुल्व्हरिन, आणि खरं ऐकण्याची तयारी

पश्चिमेच्या डोंगरांत बंदीचं सगळ्यात भक्कम कारण हल्ली वन्यप्राणी असतं. लिंक्स हे रानमांजर 2000 पासून संरक्षित यादीत आहे, वुल्व्हरिन हा छोट्या अस्वलासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी नोव्हेंबर 2023 मध्ये 'धोक्यात' म्हणून यादीत आला. वुल्व्हरिनची मादी फेब्रुवारीच्या सुमाराला खोल बर्फात बीळ करून पिल्लं घालते. नेमका तोच आपला हंगाम.

इथे बरेच स्लेडवाले 'हे सगळं थोतांड आहे' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. आयडाहोत आणि आसपासच्या डोंगरांत 2010 पासून काही वर्षं एक मोठा अभ्यास झाला. वुल्व्हरिनांना कॉलर लावले आणि स्नोमोबाईलवाल्यांनी, स्कीवाल्यांनी स्वतःहून खिशात जीपीएस यंत्रं बाळगली. आयडाहोची स्नोमोबाईल संघटनाही त्यात भागीदार होती. 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले: हिवाळी वर्दळ असलेल्या जागा वुल्व्हरिन टाळतो, माद्या जास्त टाळतात. आपल्याच लोकांनी यंत्रं बाळगून गोळा केलेली ही माहिती आहे. तिचा आदर राखला पाहिजे, आणि ती नीट वाचली तर आपल्या बाजूचंही त्यात काही आहे. परिणाम स्नोमोबाईलचा दिसला तसाच इंजिनाशिवायच्या स्कीचाही दिसला. मग एखाद्या दरीत प्राण्यांच्या नावाने फक्त इंजिन बंद करून स्की खुलं ठेवलं असेल, तर त्याचं कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. बिळाच्या हंगामापुरती बंदी, उंच घळींपुरती बंदी, ठरलेल्या वाटेवरून नुसतं ओलांडून जाण्याची मुभा, असे पर्याय त्यातूनच सुचतात.

उत्तर आयडाहोतल्या सेलकर्क डोंगरांची आठवण ठेवा. तिथे कॅरिबूसाठी, म्हणजे रेनडिअरसाठी, 2000 च्या दशकात कोर्टाच्या आदेशाने मोठा भाग स्नोमोबाईलला बंद झाला. तरी कळप सावरला नाही. जानेवारी 2019 मध्ये दक्षिण सेलकर्कमधली शेवटची मादी पकडून कॅनडात उत्तरेला नेली. काहीजण म्हणतात, बघा, बंदीचा उपयोग झाला नाही. मला ते वाक्य पत्रात लिहिवत नाही. एक अख्खा कळप गेला. कारणं अनेक होती, तोडलेलं जुनं जंगल, लांडगे, रस्ते. पण त्यावरून आपली बाजू मांडायला जीभ रेटत नाही.

हरकत

निर्णयाचा मसुदा जाहीर झाला की औपचारिक हरकतीची खिडकी उघडते. प्रकल्पासाठी कायदेशीर सूचनेपासून बहुधा 45 दिवस मिळतात, आणि ही मुदत वाढत नाही. संघीय नियमावलीच्या त्याच खंडातला हा 218 वा भाग.

हरकत कोण घेऊ शकतो? ज्याने आधी वेळेत विशिष्ट लेखी मत दिलं तोच. आधी गप्प बसलेल्याला इथे तोंड उघडता येत नाही. मुद्देही आधीच्या पत्रातलेच चालतात, मधल्या काळात नवी माहिती पुढे आली असेल तर तेवढा अपवाद. म्हणून आधीच्या पत्राची प्रत समोर ठेवा आणि प्रत्येक मुद्द्याखाली लिहा: "हा मुद्दा मी अमुक तारखेच्या पत्रात पान दोनवर मांडला होता." नाव, पत्ता, सही, प्रकल्पाचं नाव, निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि तुम्हाला हवा असलेला उपाय, यातलं काही विसरू नका. उपाय ठोस लिहा, "निर्णय रद्द करा" पेक्षा "हद्द अमुक रस्त्यावर न्या" हे मान्य होणं सोपं. ईमेलने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

यानंतर वरचा अधिकारी हरकती तपासतो आणि बरेचदा बैठक बोलावतो. त्या बैठकीला नक्की जा. टेबलाच्या पलीकडे स्की संघटनेची माणसं असतील. त्यांच्याशी कोपऱ्यात उभं राहून आधी बोललात तर फार बरं. स्कीवाल्यांना बहुधा पार्किंगपासून जवळचा शांत उतार हवा असतो, आपल्याला लांबचा माळ हवा असतो. बऱ्याच जंगलांत हे दोन्ही एकत्र मावतं. दोन्ही बाजूंनी मिळून आखलेली रेषा अधिकाऱ्याला नाकारणं जड जातं.

कोर्ट हा शेवटचा पर्याय, आणि एकट्यादुकट्याचं ते काम नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण-तपासणीच्या दाव्यांत सरकारी खात्यांच्या निर्णयाला जास्त मान द्या असं खालच्या कोर्टांना सांगितलं. ते दोन्ही बाजूंना लागू आहे. बंदी आणणाऱ्याला आणि बंदीविरुद्ध जाणाऱ्यालाही. त्यामुळे कचेरीतल्या दप्तरात तुमचा मुद्दा आधी शिरणं आता जास्त मोलाचं झालं आहे.

आणि कृपा करून निषेध म्हणून बंद भागात स्लेड घालू नका. एका तरुणाने ताज्या बर्फात ओढलेल्या वर्तुळांचा फोटो मी समोरच्या पक्षाच्या पत्राला जोडलेला पाहिला आहे. आमच्या साठ पत्रांचं वजन त्या एका फोटोने घालवलं.

निर्णय झाल्यावर

नकाशा हरला तरी वही फेकू नका. आयडाहो-माँटानाच्या सीमेवरचा ग्रेट बर्न, 1910 च्या वणव्यात जळालेला डोंगरी मुलूख, एका प्रवास आराखड्यात स्नोमोबाईलला बंद झाला होता. जंगलाचा मूळ आराखडा नव्याने करायची वेळ आली तेव्हा तोच प्रश्न पुन्हा टेबलावर आला. अशा वेळी ज्यांच्याकडे जुन्या तारखांच्या नोंदी असतात, ते रिकाम्या हाताने जात नाहीत.

नकाशा जिंकला, किंवा थोडा इकडे थोडा तिकडे झाला, तर पहिल्या बर्फाआधी रेंजर कचेरीत फोन करून हद्दीच्या पाट्या लावायला स्वयंसेवक हवेत का विचारा. हवेच असतात. नोव्हेंबरात जमिनीपासून सहा फुटांवर लावलेली पाटी फेब्रुवारीत बर्फाखाली जाते, आणि मग बिचारा नवखा माणूस नकळत हद्द ओलांडतो. आम्ही दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी कड्याजवळच्या त्या वळणावर जातो, फावड्याने खांबाभोवतीचा बर्फ काढतो, पाटी सोडवून दोन फूट वर बांधतो. गेल्या खेपेला बोल्ट गोठला होता. थर्मासमधला उरलेला चहा त्यावर ओतला, तेव्हा कुठे फिरला.